बोकड बघायला आलेला पाहुणा

कुंडलिकमामा होटगीला उतरले ते सकाळी नऊच्या सुमारास, आणि उतरल्या उतरल्या त्यांनी पहिलं काम केलं ते खोटं बोलण्याचं. चहावाल्यानं नुसतं "कुनीकडं निघालाव पावणं?" एवढंच विचारलं होतं. मामांनी गरज नसताना खुलासा केला, "मादनहट्टीला. बोकड बघायला."

चहावाल्यानं त्यांच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाकडं पाहिलं, पॉलिश केलेल्या चपलांकडं पाहिलं. "बघा की, लई चांगली बोकडं हायती तितं," असं म्हणून तो तोंड फिरवून हसला.

आता यात हसण्यासारखं काय होतं ते मामांना कळलं नाही, पण तुम्हाला सांगायला हवं. आपल्याकडं स्थळाची चौकशी करायला निघालेला माणूस तसं कधीच सांगत नाही. तो बैल बघायला येतो, कडबा बघायला येतो, जुना नांगर बघायला येतो. मग जनावराचे दात बघता बघता हळूच विचारतो की, अमक्याचा पोरगा कसा आहे हो, पितो का, आईला कसा बोलतो. ही रीत इतकी जुनी झाली आहे की घामाचा डाग नसलेला माणूस जनावर बघायला आला, की शेंबडं पोरही ओळखतं. खुद्द मामांच्याच दारात गेल्या पंधरवड्यात एक जण शेळी विचारत आला होता. मामांनी त्याला चहा पाजला, अर्धा तास गप्पा मारल्या, आणि शेळी न मिळताच तो मोठ्या समाधानानं निघून गेला. तेव्हाही मामांच्या डोक्यात काही प्रकाश पडला नव्हता.

त्याला कारण मामांचा स्वतःबद्दलचा गैरसमज. चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढल्यामुळं माणूस पायरी चढतानाच आपल्याला कळतो, असं त्यांना वाटे. एखादी गोष्ट पसंत पडली की ते म्हणत, "डबल बेल!" एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. भाजी चांगली झाली तरी डबल बेल, भाच्यांचा निकाल चांगला लागला तरी डबल बेल. बहिणीचा, सोजरबाईचा, नवरा लवकर गेला. तिच्या दोन पोरी, सोनम आणि सृष्टी, मामांनीच टेंभुर्णीत लहानाच्या मोठ्या केल्या. त्यामुळं त्या घरात मामांच्या घंटीशिवाय काही हलत नसे.

सहा वर्षांपूर्वी मोठ्या सोनमचं स्थळ बघायला मामा असेच गेले होते. जीपमधून. अंगणातली चकचकीत फरशी बघितली, उभे दोन ट्रॅक्टर बघितले, मटण जेवले, आणि दिवस मावळायच्या आत परत येऊन म्हणाले, "डबल बेल!" लग्न थाटात झालं. दोन वर्षांनी एका दुपारी सोनमचा शेजारणीच्या मोबाइलवरून फोन आला. "मामा, मला न्या," एवढंच बोलली. मामा ओळखीच्या माणसाचा टेम्पो घेऊन गेले, पोरीला पुढं शेजारी बसवलं, मागं तिची पेटी टाकली, आणि सबंध रस्ता दोघंही काही बोलले नाहीत.

त्यानंतरही कधी बोलले नाहीत. सोनमनं टेंभुर्णीत शिवणाचं दुकान टाकलं, ते चांगलं चाललं, ती हसू-खेळू लागली. पण "माझं चुकलं" हे दोन शब्द मामांच्या तोंडून चार वर्षांत निघाले नव्हते.

आता धाकट्या सृष्टीचं स्थळ आलं होतं. मुलगा सिद्धेश्वर, मादनहट्टीचा, सरकारी नोकरीत, शेळ्यामेंढ्यांना लस टोचत गावोगाव फिरणारा. सृष्टी दवाखान्यात नर्स. फोटो बघून ती म्हणाली, "दोघं मिळून सगळ्या जिल्ह्याला सुया टोचू." मग मामांकडं वळून म्हणाली, "मामा, तुमी जाऊन या. तुमी डबल बेल दिली की झालं." त्या वेळी सोनम कोपऱ्यात मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. जुडी उचलली आणि आत निघून गेली.

ते जाणं मामांच्या मनातून जात नव्हतं. म्हणून या खेपेला जीप नाही, मोटरसायकल नाही. होटगीपासून एक टप्पाभर, म्हणजे एसटीच्या हिशेबात सहा किलोमीटर, पायी जायचं आणि वाटेत भेटेल त्याला विचारत जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. चुकायचं नाही. या खेपेला चुकलो तर सोनमला तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न त्यांच्या पिशवीतल्या पाण्याच्या बाटलीपेक्षा जड झाला होता.

रेल्वेचं फाटक मागं पडलं आणि गाडीवाट लागली. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. ऊन होतं पण गोड होतं. दोन्ही बाजूंना पुरुषभर ज्वारी, मधूनच हरभऱ्याचा पट्टा, बांधावर करडईची पिवळी फुलं. मामा चौतीस वर्षं या जिल्ह्यात फिरले, पण फिरले ते गाडीत उभं राहून, पाठीनं दांडीला टेकून. ज्वारीतून वारा जातो तेव्हा आवाज होतो हे ते विसरूनच गेले होते. हरभऱ्याचे चार घाटे तोडून खाल्ल्यावर तर त्यांना इतकं बरं वाटलं की ते शीळ घालू लागले. वाटेत कुणी नाही असं बघूनच, अर्थात.

मग झाडी लागली. एके काळी हे मादनहट्टीचं उघडंबोडकं गायरान होतं. गावानं ठरवून तिथं झाडं लावली, घरटी वाटून जगवली, आणि आता लिंब, चिंच, करंज, सीताफळ, हिवर अशी दाट सावली झाली होती. गाव तिला नुसतं 'झाडी' म्हणे. वाटेच्या तोंडाशी एक सिमेंटचा हौद होता, त्याच्या कडेला तेलाचे रिकामे कॅन उलटे घातलेले. वर खडूनं लिहिलं होतं : 'जाणाऱ्यानं एक कॅन पाणी न्यावं, एका झाडाला घालावं.'

मामांनी इकडंतिकडं पाहिलं. इस्त्रीचा विचार केला. मग कायदा पाळणारा माणूस म्हणून कॅन भरला, हौदाशेजारच्या चिंचेच्या बुंध्याशी ओतला, आणि हात झटकले.

"ओ पावणं!"

करंजाच्या सावलीतून एक बाई उठून आली. पन्नाशीची, हातात काठी, कमरेला मोबाइलचा बटवा. ही शरणम्मा, झाडीची राखणदारीण.

"त्या चिंचंला कशाला घातलं? समदे तिलाच घालत्यात. पानी पिऊन पिऊन माजलीया ती! आत लांब जी लहान झाडं हायती, ती वाळाय लागल्यात. भरा पुन्ना."

चौतीस वर्षं लोकांना "पुढं सरका, मागं जागा करा" असं ओरडलेल्या मामांना कुणी ओरडायची सवय नव्हती. पण त्यांनी निमूट कॅन पुन्हा भरला. शरणम्मा बरोबर चालू लागली. कॅन डचमळत होता, पाणी पँटवर सांडत होतं. मामांच्या मनात आलं, सोनमच्या वेळी आपण असंच केलं. हौदाशेजारचं झाड बघितलं आणि आलो परत.

"कुटनं आलाव?" शरणम्मानं विचारलं.

"टेंभुर्णीहून. बोकड बघायला."

"एवड्या लांबनं? टेंभुर्णीकडं बोकडं सपली व्हय?" ती गालात हसली. "पोरंबाळं काय हायती?"

"मला न्हाईत. पर दोन भाच्या हायत. लेकीच समजा."

"दिल्या का?"

हा प्रश्न येणार हे घरात ठरलेलं होतं आणि उत्तरही ठरलेलं होतं. मोठी नांदत नाही हे कळलं की धाकटीचं मोडतं, म्हणून सोजरबाईनं भावाला पढवून पाठवलं होतं. मामा पढवल्याप्रमाणं बोलले, "मोठी दिली की. नवरा तिचा लांब असतो. कंपनीत. ती आमच्याकडंच असती म्हणून."

"लांब असतो व्हय," शरणम्मा म्हणाली, आणि पुढं काही विचारलं नाही.

दोनशे पावलं आत गेल्यावर तिनं काठीनं एक गुडघाभर उंचीचं लिंबाचं रोप दाखवलं. पानं मलूल झाली होती. मामांनी वाकून सावकाश पाणी घातलं. मातीनं ते घटाघट पिऊन टाकलं. मामांना उगाच बरं वाटलं, आणि त्या बऱ्या वाटण्याच्या मागोमाग आपण आत्ता काय बोललो ते आठवून वाईटही वाटलं.

"सिद्धेश्वर म्हणून कुनी हाय का गावात? त्याच्याकडं बोकड हाय म्हनत्यात," जाता जाता मामांनी हळूच खडा टाकला.

"हाय की. चांगला हाय. पर मी सांगून काय उपेग? मी त्याच्याच गावची. पुढं जोतिराम भेटंल, त्यो होटगीचा, नुसतं वावार हिकडं हाय. त्येला इचारा," असं म्हणून ती मागं वळली. मामांची पाठ फिरते न फिरते तोच तिनं बटव्यातून मोबाइल काढला. मामांना अर्थातच ते दिसलं नाही.

झाडी संपली तिथंच जोतिरामाचं ज्वारीचं वावर होतं. खाली आगटी पेटलेली, गोवऱ्यांचा निळा धूर, आणि जोतिराम एकटाच कणसं भाजत बसलेला. या दिवसांत आगटीजवळून हुरडा न खाता पुढं जाणं म्हणजे भांडण काढणं. मामांनी हाक मारायच्या आधीच त्यानं पोतं अंथरलं.

"बसा. बोकड कुटं पळून जात न्हाई."

आपण बोकडाचं याला कधी सांगितलं, असं मामांच्या मनात आलं, पण तेवढ्यात तळहातावर गरम हुरडा पडला. शेंगाचटणी, गुळाचा खडा, आणि पुन्हा हुरडा. तोंड भरलेलं असताना माणसाला फार संशय घेता येत नाही.

"त्या सिद्धेश्वराचं काय?" मामांनी शेवटी विचारलंच. "खरं सांगा. मी... म्हंजी बोकडाचा मालक कसा हाय ते कळाय पायजे."

जोतिरामानं कणीस चोळता चोळता विचार केला. "रागीट हाय थोडा. जनावराला कुनी मारलं की अंगावर जातो. दारू न्हाई. सैपाक येतो, आजीनं शिकिवलाय. आईबाप लवकर गेलं, आजीनंच वाडीवला. आनि डाव्या कानानं ऐकू येत न्हाई त्याला."

"काय?"

"ल्हानपनी कान फुटला हुता. त्यापायीच तीन ठिकानची मानसं उटून गेली. आजी पयल्याच भेटीत सांगती की, च्याच्या आदी. आमी लई येळा म्हनलं, मावशे, लगीन झाल्यावर कळंल की! एका कानानं काय आडतंय? तर म्हनती, लपवून आनलेली सून माझ्या दारात मला नको."

मामांच्या हातातला हुरडा हातातच राहिला. विनातिकीट प्रवाशाला गाडीत चेकर चढल्यावर काय वाटत असेल ते आज त्यांना पहिल्यांदा कळलं. चौतीस वर्षं त्यांनी अशा माणसांना भर रस्त्यात उतरवलं होतं. आणि आज स्वतः सोनमला लपवून, साळसूद तोंड करून निघाले होते. आणि सोनमनं काय केलं होतं हो, की तिला लपवावं? चूक मामांची, आणि तोंड लपवायचं तिनं!

"झाला का हुरडा? आजून घ्या की."

"बास," मामा उठले. त्यांचा घसा धुरानं दाटला होता, असं त्यांनी जोतिरामाला सांगितलं.

पुढचा अर्धा टप्पा ते झपाझप चालले. वाटेत दोघांनी त्यांना आपणहून बोकड दाखवले, एकानं तर कान धरून दातही दाखवले. मामांनी दोन्ही बोकडांना नमस्कार घातल्यासारखं केलं आणि चालत राहिले.

सिद्धेश्वराचं घर गावाच्या अलीकडच्या टोकाला होतं. धाब्याचं, बसकं, अंगण शेणानं सारवलेलं. फरशी नाही, ट्रॅक्टर नाही. दारात तीन शेळ्या, आणि एक म्हातारी उखळात शेंगाचटणी कुटत बसलेली. ही नागव्वा, मुलाची आजी.

"बर्री, बर्री! कुंद्री," तिनं कानडीत स्वागत करून घोंगडं दाखवलं, आणि मग मराठीत म्हणाली, "आदी बोकड बघताव का आदी जेवताव?"

मामा बसले नाहीत.

"मावशी, मला बोकड बघायचा न्हाई."

"ठाव हाय की."

"मी सृष्टीचा मामा. मी वाटंत एक खोटं बोललो, ते आदी सांगतो, मग तुमी म्हनला तरच बसतो." मामांनी टोपी काढून हातात घेतली. "माझी मोठी भाची सोनम. तिचा नवरा लांब-बिंब काय न्हाई. ती चार वर्सं झाली, कायमची परत आलीया. तिला तितं लई तरास झाला. आनि ते घर मी पसंत केलं हुतं, मावशी. मी! फरशी बघून आलो हुतो. पोरीची कायच चूक न्हाई. माझं चुकलं."

बोलून झाल्यावर मामांनाच आश्चर्य वाटलं. चार वर्षं जे निघत नव्हतं ते एका अनोळखी म्हातारीसमोर किती पटकन निघालं.

नागव्वानं मुसळ बाजूला ठेवलं.

"बसा. तेबी ठाव हुतं."

"कसं?"

"तुमच्या दारात शेळी इचारत एक मानूस आला हुता न्हवं? त्यो शरणम्माचा नवरा. तुमी च्या पाजला. पर समदं कळलं ते तुमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरनीवर." म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. "आमाला काय शेळ्या कमी हायत व्हय?"

मामा घोंगड्यावर मटकन बसले. माणूस पायरी चढतानाच कळतो म्हणे! त्यांना स्वतःचंच इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी नेमकं कशाचं हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"मग सगळं कळूनबी तुमी मला येऊ दिलं?"

शेळीनं चटणीत तोंड घालायचा प्रयत्न केला, तिला नागव्वानं कोपरानं ढकललं.

"मी शरणम्माच्या नवऱ्याला एकच इचारून ये म्हनलं हुतं," ती म्हणाली. "पोरगी परत आली तवा तिला आनायला कोन गेलं? त्यो म्हनला, मामा गेला. टेम्पो घिऊन, त्याच दिशी. पुढं बसवून आनली." तिनं पदरानं हात पुसले. "मी सोळा वर्सांची हुते. बापाला तीन येळा निरोप धाडला. त्यो आला न्हाई. नवरा मरस्तवर मी तितंच काडलं. म्हून मला फकस्त हेच बघायचं असतं की पोरगी ज्या घरची, त्या घराचं दार उगडं हाय का न्हाई. उगड्या दाराची पोरगी भेत न्हाई. आनि भेणारी सून मला नगं. भेणं मला ठाव हाय."

त्या दिवशी टेम्पोत सोनम शेजारी बसली होती, खिडकीबाहेर बघत. आपण तिच्याशी बोललो नाही म्हणजे आपण तिचे गुन्हेगार, एवढंच त्यांना चार वर्षं वाटत आलं होतं. आपण गेलो होतो, हे त्यांनी कधी धरलंच नव्हतं.

कडक भाकरी आली, दही आलं, ताजी चटणी आली. मामा पोटभर जेवले. कानाचंही नागव्वानं सांगितलं, भाकरी मोडायच्या आधीच. सिद्धेश्वराला तिनं मुद्दाम सकाळीच पलीकडच्या वस्तीवर लस टोचायला पिटाळलं होतं. "आदी मला तुमाला बघायचं हुतं. त्यो काय, फोटूत हाय की," ती म्हणाली. मग पाण्याचा तांब्या पुढं करून तिनं विचारलं, "मग पावणं? तुमी काय ती घंटी मारताव म्हनं. मारताव का?"

मामांनी तोंड उघडलं. शब्द अगदी जिभेवर होता. घर पसंत होतं, म्हातारी तर फारच पसंत होती, आणि तिकडं सृष्टी फोनकडं डोळे लावून बसली असणार. पण त्यांनी शब्द गिळला.

"न्हाई, मावशी. ती घंटी आता माझ्याकडं न्हाई. एक फोन करू का?"

त्यांनी फोन लावला तो सृष्टीला नाही, सोजरबाईलाही नाही. शिलाई मशीनचा खडखडाट ऐकू आला आणि थांबला.

"बोला मामा. बघितलं?"

"बघितलं. पर माझ्या बघन्याचं काय खरं न्हाई, सोनम. तुला ठाव हाय." मामांनी घसा साफ केला. इथं धूर नव्हता. "तुझ्या येळंला माझं चुकलं. लई चुकलं. चार वर्सं म्हनीन म्हनतोय. म्हून मी सृष्टीला काय सांगत न्हाई. तू ये. तू घर बघ, मानसं बघ, पोराशी बोल. तू हो म्हनलीस तर हो."

पलीकडं मशीन बंदच होतं. मामांना वाटलं, लाइन गेली. त्यांनी फोन कानापासून काढून बघितला, परत लावला.

"मी सांगू?" सोनमचा आवाज जरा वेगळा आला. "मी सांगितलेलं चालंल?"

"तुझंच चालंल."

मग ती नाक ओढून म्हणाली, "कसं यायचं? गाडी करू का?"

"गाडी नको. होटगीला उतर आनि चालत ये. सहाच किलोमीटर हाय, वाट लई झकास हाय. वाटंत लोक इचारतील, कोन, कुटली. समदं खरं सांग. आनि झाडीच्या तोंडाला हौद हाय, तितनं एक कॅन भरून घे. जवळच्या चिंचंला घालू नको. आत लांब एक ल्हान लिंब हाय, त्येला घाल."